दह्याला मनाई, कॅप्सूलला मान

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारी चोवीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण. एकतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, वजन १,३८० ग्रॅम. जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात कक्षात २६ दिवस राहून, १,६१० ग्रॅमची होऊन, दोन आठवड्यांपूर्वी लेक घरी आली. कक्षात शेजारच्या वॉर्मरवरचं बाळ 'आतडं सडून' गेलं, ते हिनं डोळ्यांनी पाहिलं. आता तालुक्याच्या मेडिकलवाल्यानं 'खास दूध पाजणाऱ्या आयांसाठी' म्हणून प्रोबायोटिक कॅप्सूलची डबी दिली आहे. महिन्याचा खर्च १,३५० रुपये. आईनं कॅप्सूल घेतली की चांगले जंतू दुधातून बाळाच्या पोटात उतरतात आणि आतडं सांभाळतात, असं तो सांगतो. नणंद म्हणते, त्यापेक्षा कॅप्सूल फोडून पूड थेट लेकरालाच चाटव. सासूबाईंनी दही-ताक बंद केलं आहे आणि त्यांना घुटी सुरू करायची आहे. नवरा म्हणतो, पेरणी तोंडावर आली, बियाण्याचीच भ्रांत आहे, पण पोरीपुढे पैसा काय. पत्राचा शेवट असा: 'मावशी, माह्या दुधात काही कमी आहे का? कॅप्सूल घेऊ की नोको? घेतली नाही अन् उद्या लेकराले काही झालं, त मी कोणाले तोंड दाखवू?' सोबत सुट्टीच्या कार्डाचा आणि डबीचा फोटो आहे.

पोरी,

दोन्ही फोटो मोठे करून, चष्मा लावून पाहिले. डबीचा आधी पाहिला, कारण प्रश्न तिचा होता. पण अडकले मी कार्डावर. खालच्या कोपऱ्यात घाईच्या अक्षरात 'आरओपी तपासणी' असं लिहून पुढे तारीख टाकली आहे. ती तारीख तुझ्या पत्राच्या नऊ दिवस आधीची आहे, आणि पत्रात तिचा शब्दही नाही. म्हणून कॅप्सूल थोडा वेळ बाजूला ठेव.

ही डोळ्यांची तपासणी आहे. लवकर जन्मलेल्या लेकराच्या डोळ्यामागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. जन्मानंतर त्या कधी कधी वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढतात. बाहेरून डोळे टपोरे, काळेभोर दिसतात. आतलं काही कळत नाही. आपल्याकडे नियम असा, की ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचा पडदा ३० दिवसांच्या आत एकदा तपासायचाच. वेळेत सापडलं तर लेझरनं थांबवता येतं. उशीर झाला तर दृष्टी जाते. तुझी लेक ४० दिवसांची झाली. अजून वेळ गेलेली नाही, पण पेरणी झाल्यावर पाहू म्हणण्याइतकीही नाही. याच आठवड्यात जायचं.

दुसरं. कार्डावर लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहिलेत. तू लिहितेस, 'टॉनिकचे थेंब संपले, मग आणले नाही.' बाई गं, ते टॉनिक नव्हे. लेकरू शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत आईच्या अंगातून लोहाचा साठा करून घेतं. तुझी लेक तो साठा भरायच्या आधीच निघून आली. तो आता थेंबांतूनच भरायचा, आणि तोही महिनोन्‌महिने. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात अशा बाळांची औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. आशाताईला १०२ च्या गाडीचं विचार. फुकटचे थेंब संपलेले आणि १,३५० रुपयांची डबी घरात, यात तुझी काही चूक काढत नाही मी. डबीवर गोंडस बाळाचा फोटो होता, थेंबांच्या बाटलीवर नव्हता, एवढंच.

आता डबी.

तू विचारलंस, दुधात काही कमी आहे का. उत्तर तुझ्याच पत्रात आहे. सुट्टीच्या दिवशी लेक १,६१० ग्रॅम, आता आशाताईंनी झोळीच्या काट्यावर तोललं तेव्हा १,९००. चौदा दिवसांत २९० ग्रॅम, म्हणजे दिवसाला वीस ग्रॅमच्या थोडं वर. अशा लेकरानं घरी दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढावं, अशी आमची कक्षातली अपेक्षा असायची. तुझी लेक त्या पट्ट्यात आहे, जरा खालच्या काठाला आहे, पण आहे. हे वजन कोणत्या कॅप्सूलनं वाढवलं? डबी तर तू अजून उघडलेलीच नाहीस.

मी सव्वीस वर्षं नवजात कक्षात सिस्टर होते. लवकर बाळंत झालेल्या जवळजवळ प्रत्येक आईच्या तोंडी हा प्रश्न ऐकला, शब्द वेगळे असायचे. कुणी म्हणायची दूध पातळ आहे, कुणी म्हणायची बाळाला अंगी लागत नाही. पोर अर्ध्या वाटेत बाहेर आलं म्हणजे आपल्यातच काहीतरी अपुरं, ही समजूत कुणी न सांगताच मनात घर करते, आणि नेमकी तिथंच डबी विकली जाते. खरी गोष्ट उलटी आहे. दिवसांआधी बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीच्या आठवड्यांत प्रथिनं आणि रोगाशी लढणारे घटक जास्तच असतात. शिवाय दुधात एक प्रकारच्या साखरी असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या कशाला? त्या बाळाच्या आतड्यातल्या बिफिडो जातीच्या चांगल्या जंतूंचं खाणं असतात. म्हणजे तुझं दूध लेकराबरोबर तिच्या पोटातल्या पाहुण्यांचीही शिदोरी घेऊन येतं. जंतू नुसते सोडले आणि त्यांना खायला नसलं, तर ते टिकत नाहीत.

शेजारच्या वॉर्मरवरच्या बाळाचं तू लिहिलंस. मेडिकलवाला म्हणाला, त्याच्या आईच्या दुधात चांगले जंतू नव्हते. त्यानं ते बाळ पाहिलं नव्हतं, ती आई पाहिली नव्हती. आतड्याचा हा आजार फार लवकर जन्मलेल्या, फार कमी वजनाच्या बाळांना होतो. आतडं कच्चं असतं, रक्तपुरवठा नाजूक असतो, जंतुसंसर्गाची भर पडते, आणि सगळं नीट करूनही कधी कधी होतो. आईचं दूध तो टाळण्याचा आजवर सापडलेला सगळ्यांत भरवशाचा उपाय आहे, पण हमी नाही. त्या आईला कुणी हे ऐकवलं नसावं, एवढीच माझी आशा. आणि तुझ्यापुरतं सांगते: हा आजार बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गाठतो, आणि पोटातले आणि बाहेरचे आठवडे मिळून ३६-३७ झाले की त्याची भीती खूप उतरते. ३१ आणि जवळपास ६, मोज बरं. सावध राहायचंच, कशासाठी ते पुढे सांगते, पण ज्या दिवसांची तुला धास्ती आहे त्यातले बरेच तू मागे टाकलेस.

तरी प्रोबायोटिकचं म्हणणं नुसती अफवा नाही, हेही खरं. म्हणूनच नीट सोडवून घेऊ. इथं तीन वेगळ्या गोष्टींची एक मोट बांधली गेली आहे.

पहिली, जंतू थेट बाळाला देणं. यावर जगभर अभ्यास झाले आहेत, दहा हजारांहून जास्त कमी दिवसांच्या बाळांवर. सगळे एकत्र पाहिले तर आतड्याचा आजार कमी होताना दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शनात ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या, आईचं दूध पिणाऱ्या बाळांसाठी याचा विचार करता येईल असं म्हटलं. 'द्या' असं म्हटलेलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०२१ मध्ये सरसकट देऊ नका असं सांगितलं. जाणकारांतही एकमत नाही. इंग्लंडमध्ये १,३१५ बाळांवर एका बिफिडो जातीचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये निकाल आला, काही फरक पडला नाही. का? कारण प्रोबायोटिक हे एका वस्तूचं नाव नाही. कृषी केंद्रात जाऊन नुसतं 'बियाणं द्या' म्हटलं तर दुकानदार काय देईल? कपाशीचं, तुरीचं, सोयाबीनचं? आणि कपाशीतही कुठलं वाण? एका वाणानं एका शेतात पीक दिलं म्हणून दुसरं वाण दुसऱ्या शेतात देईलच असं तुझा नवरा कधी म्हणणार नाही. जंतूंचं तसंच आहे.

आपल्या देशातलं उदाहरण नेहमी पुढे केलं जातं, ओडिशाच्या खेड्यांतलं. २०१७ मध्ये ते छापून आलं. ४,५५६ नवजात बाळं, त्यातल्या अर्ध्यांना सात दिवस एक लॅक्टोबॅसिलस आणि त्याच्या खाण्याची साखर दिली. रक्तातला संसर्ग आणि मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. मोठीच गोष्ट आहे. पण ती बाळं ३५ आठवड्यांवरची आणि दोन किलोंवरची होती, आणि जंतू त्यांनाच दिला होता, आईला नाही. तुझ्या डबीवर तो जंतू नाही. मी नाव ताडून पाहिलं.

दुसरी गोष्ट, आईनं घेणं, म्हणजे तुझी कॅप्सूल. काही अभ्यासांत आईनं गिळलेला जंतू काहींच्या दुधात सापडला, काहींच्या नाही. आईला दिल्यानं कमी दिवसांच्या बाळाचे आजार किंवा मृत्यू टळतात का, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेनं २०१८ मध्ये घेतला. निष्कर्ष: सांगता येईल इतका पुरावाच नाही. तोटा होतो असंही नाही आणि फायदा होतो असंही नाही. मेडिकलवाल्याचं 'आतडं सुरक्षित राहतं' हे वाक्य त्या आढाव्यात बसत नाही. पहिल्या गोष्टीचं श्रेय दुसरीनं घ्यावं, तसं आहे हे.

तिसरी, स्तनाला गाठ येऊन ताप भरतो, त्यासाठी काही ठरावीक जातींचा वापर. तो वेगळा विषय आहे, आणि तिथंही आधी डॉक्टर. तुला गाठ नाही, ताप नाही, म्हणून पुढे जाते.

नणंदेचा सल्ला मात्र ऐकू नकोस. कॅप्सूल फोडून लेकराला चाटवायची नाही. हे मी हळू आवाजात सांगत नाहीये. २०१४ मध्ये अमेरिकेत एका कमी दिवसांच्या बाळाला अशी पूड दिली होती, तिच्यात बुरशी मिसळलेली निघाली आणि बाळ गेलं. २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं पुन्हा इशारा दिला, कारण या वेळी भेसळ नव्हती. दिलेला 'चांगला' जंतूच बाळाच्या रक्तात शिरला होता. ही दवाखान्यात, तज्ज्ञांच्या देखरेखीत घडलेली गोष्ट आहे. आपल्या घरी, चुलीजवळ, अंदाजानं चिमूट धरून काय होईल? मोठ्यांच्या कॅप्सूलमध्ये जंतूंची संख्याही मोठ्यांच्या मापाची असते. नणंद मायेनं सांगते आहे, तिला रागावू नकोस. हा परिच्छेद वाचून दाखव.

डबीच्या फोटोत आणखी काय दिसलं सांगते, इतरांनाही उपयोगी पडेल. पुढे मोठ्या अक्षरात 'बाळाच्या पोटाचं आरोग्य', आणि मागे, मुंगीएवढ्या अक्षरात, 'औषधी वापरासाठी नाही'. म्हणजे कायद्यानं हे औषध नाही, आहारातली जोड आहे. औषधाला जितका पुरावा द्यावा लागतो तितका याला लागत नाही. जंतूचं आडनाव-नाव आहे, पण वाणाचा क्रमांक नाही. जंतू किती, तो आकडा 'बनवताना' इतका असा लिहिलाय. मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील ते लिहिलेलं नाही. आणि शेवटी 'थंड, कोरड्या जागी, २५ अंशांच्या आत ठेवा'. मे महिना, आपला विदर्भ! बाहेर पारा ४५ वर, टिनाच्या छताखाली त्याहून काय असेल ते देव जाणे, आणि दुपारी लाइन गेली की फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. कुरिअरच्या गाडीतून, मेडिकलच्या काउंटरवरून, तुझ्या पिशवीतून ती डबी कितीदा भाजली असेल? आतले जंतू जिवंत असतील तर मला नवल वाटेल. आणि मेलेले जंतू १,३५० रुपयांना महागच.

मग घ्यायची की नाही? माझं मत, नको. घेतलीस तर पाप नाही. धडधाकट आईला अशा कॅप्सूलनं सहसा काही होत नाही, आणि एखादीला मनाचा आधार मिळतही असेल. पण तुझ्या घरी तो आधार कपाशीच्या दीड पाकिटाच्या भावात पडतो आहे. तोच पैसा तुझ्या ताटात गेला तर? रोज दोन अंडी, वाटीभर शेंगदाणे, तुरीचं घट्ट वरण, दूध. पिऊन-खाऊन असलेली आई रात्री उठून पाजू शकते. उपाशी आई उठते, पण तिचं डोकं गरगरतं. डबीचं सील फोडलेलं नाही, तेव्हा ती परत करायला नवऱ्याला पाठव. तू जाऊ नकोस. मेडिकलवाला तुला पुन्हा घाबरवेल.

आता मला ज्या गोष्टीचं हसू आलं ती. तुझ्या घरात दह्याला मनाई आहे, कारण 'थंड पडते, लेकराले सर्दी होते'. आणि त्याच घरात दह्यातल्या जंतूंच्या भाऊबंदांची कॅप्सूल देवासमोर ठेवून घ्यायची तयारी आहे. दह्यानं दूध थंड होत नाही, बाई. दुधाचं तापमान तुझ्या अंगाचं. दही औषध आहे असंही मी म्हणत नाही, त्यात कोणता जंतू किती हे कुणालाच माहीत नसतं. पण ते अन्न आहे, चांगलं अन्न आहे. उकळून निववलेल्या दुधाचं, त्याच दिवशीचं, गोडसर दही दुपारच्या भाकरीबरोबर खा. ताक पी, या उन्हात पाण्याइतकंच लागतं ते. ज्वारीची आंबील तर सासूबाईंच्या माहेरची असेल. तीच मागून बघ, नाही म्हणणार नाहीत.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांचा डिंक, आळीव, ओवा, बाळंतशेपा सगळं खा. त्यांनी जे तुला द्यायचं ते देऊ दे. जे लेकराला द्यायचं ते थांबव. ही एक रेघ आखून घे. घुटी नको, मध नको, गूळपाणी नको, ग्राइप वॉटर नको. सहाण धुतली तरी तिच्या खरवड्यात जंतू राहतात, आणि मुरडशेंग, वेखंड उगाळून त्याचा नेमका किती अंश त्या दोन किलोच्या जिवाच्या पोटात जातो ते कुणाला मोजता येत नाही. पूर्ण दिवसांच्या दांडग्या पोरांनी ते पचवलं असेल. ही त्यातली नाही.

आणि त्यांनी काढलेलं ते चांदीचं बोंडलं. तू लिहिलंस, तीन पिढ्यांचं आहे. मला त्याची नळी आठवते, आमच्याकडेही होतं. तोंडाशी निमुळतं, आणि आत बोट जात नाही. जिथं बोट जात नाही तिथं दुधाची साय अडकते, आणि उन्हाळ्यात तासाभरात आंबते. नळी वरून उघडी असेल तर घासून, दहा मिनिटं उकळून वापर. बंद असेल तर ते बारशाला ठेव आणि स्टीलची वाटी-चमचा घे. बाटली मात्र कुणी कितीही भारीतली आणली तरी नको.

दुधाबद्दल तू शेवटी ओझरतं लिहिलंस की रात्री लेक ओढत नाही, झोपूनच राहते, म्हणून तूही झोपतेस. वजन खालच्या काठाला आहे त्याचं कारण मला इथं दिसतं. कमी दिवसांचं लेकरू भुकेनं रडून उठवेल याची वाट पाहायची नसते. दिवसा-रात्री दर दोन-अडीच तासांनी उठवायचं. कानशिलं, तळपाय चोळ, दुपटं सैल कर. ओढता ओढता दमली तर उरलेलं हातानं वाटीत पिळून चमच्यानं पाज. पिळायची रीत: अंगठा आणि बोटं काळ्या वर्तुळाच्या जरा मागे, आधी छातीकडे दाब, मग एकमेकांकडे. बोंडी ओढायची नाही. सुरुवातीला वाटीचा तळ ओला होईल इतकंच येतं आणि रडू फुटतं. दोन-तीन दिवस, रात्री एक वेळसुद्धा न चुकवता, चोवीस तासांत आठ-दहा वेळा रिकामं कर. स्तन रिकामा झाला की शरीर पुढचं दूध बनवायला घेतं; बाकी सगळ्या पुड्या आणि लाडू त्याच्या मागून. पिळलेलं दूध या उन्हाळ्यात बाहेर ठेवू नकोस, लगेच पाज. दिवसात सहा-आठ वेळा लंगोट ओला होतोय ना, ते मोज. ही मोजणी पैशावाचून होते. डॉक्टरांनी दुधात मिसळायची पूड किंवा वरचं दूध सांगितलं असेल तरच, सांगितलं तेवढंच.

छातीशी धरणं, ज्याला कक्षात कांगारू म्हणायचे, ते घरी आल्यावर बंद केलंस. 'उकाड्यात कसं बांधू' असं लिहितेस. रास्त आहे. पण तेही औषधच आहे. भारतासह पाच देशांतल्या दवाखान्यांत ३,२११ कमी वजनाच्या बाळांवर अभ्यास झाला. जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्यांत मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले, २०२१ मध्ये छापलं गेलं. शिवाय आईच्या त्वचेवरचे ओळखीचे जंतू लेकराला तिथूनच मिळतात, डबीशिवाय. पहाटे आणि रात्री धर. दुपारी एकेरी सुती साडीत, लेकराला टोपरं-मोजे न घालता. घाम आला, मान लाल झाली तर सोड. कूलर चालू ठेव, पण झोत अंगावर नको, भिंतीकडे वळव. आणि तू दमलीस की सासूबाईंच्या छातीवर दे. नात छातीशी घेऊन बसलेली बाई सहाण शोधायला उठत नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

आता सावध कशासाठी राहायचं ते. पोट टणक फुगलं, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त आलं, ओढणं बंद केलं, अंग थंड किंवा तापलेलं, श्वास थांबून थांबून, लेकरू कापडासारखं लोळागोळा. यातलं एक जरी दिसलं तर घरी एक तासही नाही. १०८ बोलाव. पोट फुगलं की मेळघाटात अजूनही काही घरांत तापल्या विळ्यानं डंबा, म्हणजे पोटावर चटके, देतात, आपल्याकडेही कुणी जाणती म्हातारी ओव्याचा शेक सांगेल. शेकत बसण्यात जे तास जातात, तेच आतड्याला वाचवायचे तास असतात.

आशाताईंना धरून राहा. घरी येऊन वजन, ताप, श्वास पाहणारी ही बाई आपल्याच मातीतून आलेली कल्पना आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून हे केलं. १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आकडे आले: नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. त्या बायांच्या पिशवीत वजनकाटा होता, थर्मामीटर होतं, घड्याळ होतं, ऊब द्यायची पिशवी होती, संसर्गावरचं औषध होतं. आशाताईंची नेमाची फेरी बेचाळिसाव्या दिवशी होते, म्हणजे परवा-तेरवा. कक्षातून आलेल्या बाळासाठी पुढेही येत राहायला सांग, दर आठवड्याला वजन हवंच म्हण. सलग दोन आठवडे दिवसाला पंधरा ग्रॅमच्या खाली गेलं, तर मला लिहू नकोस, थेट कक्षात जा.

डोळ्यांच्या तपासणीला जाताना सकाळची पहिली गाडी धर, उन्हाच्या आत पोचशील. तिथं डोळ्यांत थेंब घालतात, बाहुली मोठी व्हायला तासाभराहून जास्त लागतो, रांगही असते. तपासणीच्या आधी तासभर पाजू नको, आधीच भरपेट पाज. तपासताना लेक जोरात रडेल, नंतर लगेच छातीशी घे. सोबत वाटी-चमचा, दोन कोरडी दुपटी, तुझ्यासाठी भाकर आणि ताकाची बाटली. थेंबांची रिकामी बाटलीही घे, भरून मिळेल. तिथल्या डॉक्टरांना डबी दाखवायची असेल तर दाखव, पण आधी कार्ड पुढे कर.